दोर मध्येच थांबवत नाहीत

आमच्या सासऱ्यांना झटका आला तो नेमका गुरांच्या बाजाराच्या तोंडावर. वर्षभरात दोर खपतो तो या दीड महिन्यात, आणि याच दीड महिन्यात दोर वळणाऱ्याचा उजवा हात आणि उजवा पाय संपावर गेले. बारा दिवस दवाखान्यात काढून आबा घरी आले तेव्हा घायपाताच्या वाखाचे गठ्ठे पडवीत तसेच पडून होते, चाकावर धूळ बसली होती, आणि आम्ही तिघं त्यांची सेवा करायला कंबर कसून दारात उभे होतो. तिथेच सगळं बिघडलं.

तिघं म्हणजे सासूबाई, आमचे हे आणि मी. सासूबाई घास भरवायच्या. हे सदऱ्याची बटणं लावायचे. मी केस विंचरायचे. विंचरण्याजोगे केस फारसे नव्हते, पण घरात सगळे राबत असताना आपला हात रिकामा कसा ठेवायचा? पाणी हवं म्हणून आबांनी नुसती मान वळवली की तीन पेले पुढे यायचे. एकदा त्यांना शिंक येणार असं दिसलं, तर सासूबाईंनी आधीच पदराने नाक पुसून टाकलं. शिंक आलीच नाही. आबा त्या शिंकेची वाट बघत बराच वेळ तोंड उघडं ठेवून बसले होते.

आबांची जीभ जरा जड झाली होती, पण कान ठणठणीत होते. हे कुणी लक्षात घेईल तर शपथ. दूधवाला रोज सकाळी फाटकातून ओरडायचा, "आबा! चहा! घेतला! का!" आबा त्याला एक शिवी द्यायचे. शिव्या मात्र पहिल्या दिवसापासून स्पष्ट येत होत्या. डॉक्टरांनाही त्याचं नवल वाटलं होतं.

आता पट्टीबद्दल सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. आमच्या घरामागे सत्तर पावलं लांब आणि सात-आठ पावलं रुंद अशी जागा आहे. तिच्या एका टोकाला चाक. चाकाला लोखंडी आकडा. आबा कमरेला वाख गुंडाळतात, त्याचं टोक आकड्याला अडकवतात, मी चाक फिरवते, आणि आबा डाव्या हाताने वाख सोडत, उजव्या मुठीतल्या ओल्या फडक्याने त्याला दाबत मागे मागे जातात. सत्तर पावलं गेली की एक पेड झाला. असे तीन पेड एकत्र वळले की दोर. लग्न होऊन आले तेव्हापासून चाक माझ्याकडे. अकरा वर्षं मी माझ्या सासऱ्यांना बघतेय ते तोंड माझ्याकडे आणि पाय लांब जाणारे, असेच.

आमच्या ह्यांना या धंद्याचा मनापासून कंटाळा. "लोक नायलॉनचा दोर घेतात आबा. तुमचा दोर आता गुरंसुद्धा ओळखत नाहीत," असं ते म्हणायचे. त्यांना पट्टीत कोंबड्यांची शेड घालायची होती. दर वर्षी बाजार संपला की बापलेकांचं वाजायचं, आणि दर वर्षी आबा एकच वाक्य बोलून उठायचे: "ज्या दिवशी माझ्या हातून दोर निघणार नाही, त्या दिवशी पट्टी तुझी. तोवर कोंबडी सोड, अंडंही आणायचं नाही मागे."

झटका आल्यावर हे त्या वाक्याचा एक शब्द बोलले नाहीत. माणूस वाईट नाही. पण कोंबड्यांच्या खाद्याचं एक छापील पत्रक उशीखाली गेलं, ते मी पाहिलं.

महिनाभराने दवाखान्याने एक बाई पाठवली. स्कूटरवरून आली, पाठीला पिशवी, वयाने माझ्याएवढीच. सासूबाईंनी तिला नर्स समजून पाण्याचा तांब्या आणि साबण पुढे केला. ती म्हणाली, "मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. माणसाची रोजची कामं त्याला पुन्हा करता यावीत, म्हणून मी येते. दर मंगळवारी येईन."

"म्हणजे मालिश?" सासूबाईंनी विचारलं.

"मालिश नाही."

"मग गोळ्या?"

"गोळ्याही नाहीत."

"मग तुम्ही करता तरी काय?"

"मी शक्यतो काही करत नाही," बाई म्हणाली. "करायचं आबांनी."

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की ही बया फुकटचा पगार खाते.

बाईने आबांची नाडी पाहिली नाही की जीभ पाहिली नाही. तिने पलंगाची उंची पाहिली. न्हाणीघराचा उंबरा पाहिला. दाराची कडी पाहिली. आबांचा चमचा हातात घेऊन उलटसुलट केला. मग समोर बसून विचारलं, "आबा, तुम्हाला काय करावंसं वाटतं?"

"त्यांना आराम करावासा वाटतो," सासूबाई म्हणाल्या.

"आई, मी आबांना विचारलं."

आबांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "मरावंसं वाटतं."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. बाईने मात्र वहीत शांतपणे काहीतरी लिहिलं. "बरं. आणि त्याच्या आधी?"

महिनाभरात पहिल्यांदाच आबांनी कुणाकडे तरी नीट पाहिलं. त्यांच्या तोंडाचा सरळ कोपरा जरा हलला. "सदरा," ते म्हणाले. "आपल्या हाताने."

मग तो सदरा सुरू झाला. बाईने तो मांडीवर पसरला आणि सांगितलं, "घालताना कमजोर हात आधी. काढताना तो शेवटी." एवढंच. पुढे तिने हाताची घडी घातली. आबांनी डाव्या हाताने उजव्या हाताला बाही चढवली. ती कोपरात अडकली. ह्यांच्या कपाळावर घाम आला. बाही खांद्यापर्यंत गेली आणि सदरा पाठीमागे लोंबू लागला, आबा त्याला शोधत बसल्या जागी वळत राहिले. मी दोनदा पुढे झाले, दोनदा बाईने नुसत्या डोळ्यांनी मला बसवलं. सासूबाईंना तर राहवेना. शेवटी त्या स्वतःच्या दोन्ही हातांवर बसल्या. बावीस मिनिटं लागली. शेवटचं बटण लागलं तेव्हा आम्ही तिघं घामाघूम झालो होतो आणि आबा घामाघूम नव्हते. बटणं एक घर वर-खाली लागली होती. ती सोडून नीट लावायला हे उठले, तर आबांनी त्यांच्या हातावर फटका मारला. डाव्या हाताचा होता, पण फटका होता.

जाताना बाईने गृहपाठ दिला. कपड्यांचे चाळीस चिमटे दोरीवर लावायचे आणि काढायचे, सकाळ-संध्याकाळ. ओला पंचा पिळायचा, वीस वेळा. एका ताटात मिसळलेले दाणे आणि खडे वेगळे करायचे. भिंतीवर तक्ता चिकटवला आणि काम झालं की खूण करायला सांगितलं. पलंगाखाली विटा घातल्या, न्हाणीघरात स्टूल ठेवलं, चमच्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून तो जाड केला. सासूबाई म्हणाल्या, "एवढं शिकून हिने चमच्याला ट्यूब गुंडाळली." पण त्या रात्री आबा आपल्या हाताने जेवले. अर्धं सांडलं. उरलेलं अर्धं त्यांनी असं चवीने खाल्लं की सासूबाई भरवायचं विसरल्या.

पुढच्या मंगळवारी बाई आली तर तक्ता खुणांनी गच्च भरलेला. ती एकदम खूश. तिने आबांच्या हातात चिमटा दिला. आबांना तो उघडेना. तिने पंचा दिला. आबांनी तो नुसता हातात धरला. बाईने तक्त्याकडे पाहिलं, आबांच्या हाताकडे पाहिलं, पुन्हा तक्त्याकडे पाहिलं.

"आबा, हे सगळं तुम्ही केलंत?"

आबा खिडकीबाहेर बघू लागले.

"झालंय की सगळं," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "एक दिवस चुकवला नाही. सकाळचे चिमटे मी लावले, संध्याकाळचे ह्याने लावले. पंचा सूनबाईने पिळला. दाणे आम्ही दोघी मिळून निवडायचो. एक दिवस पाहुणे आले होते तरी बसलो."

बाईला आधी काही कळलंच नाही. मग तिने तोंडावर वही धरली. खांदे हलताना दिसत होते.

यात हसण्यासारखं काय होतं, ते मला त्या वेळी खरंच कळलं नाही. आमच्या घरची रीतच ती. घरात एक माणूस आडवा झाला की त्याचं काम बाकीच्यांनी वाटून घ्यायचं. मी बाळंत झाले तेव्हा चाक सासूबाईंनी फिरवलं. सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा चूल मी सांभाळली. आबांचं काम त्यांच्यावर टाकून आम्ही मजा बघत बसायचं, हे कुठल्या तोंडाने करायचं?

"आई," बाई म्हणाली, "आबांच्या वाट्याच्या गोळ्या तुम्ही घेता का?"

सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. त्या ते जरा जास्तच वेळ गुंडाळत राहिल्या, तशी बाई घाबरली.

"त्या कडू गोळीचा अर्धा तुकडा," सासूबाई हळूच म्हणाल्या. "तीही रोज नाही."

तो पूर्ण तास बाईने गोळ्यांवर घालवला. फोन काढून डॉक्टरांनाही विचारलं. निघताना तिने सासूबाईंचा पंजा हातात घेऊन दाबला आणि म्हणाली, "आई, तुमची पकड मात्र आठवड्यात चांगली सुधारली आहे." सासूबाईंना ते खरं वाटलं. दोन दिवस त्या सगळ्यांना बरण्यांची झाकणं उघडून दाखवत होत्या.

त्या दिवसापासून सासूबाई बदलल्या. बदलल्या म्हणजे हातावर बसायला शिकल्या. आबा चिमटे लावू लागले की त्या शेजारी हातांवर बसायच्या आणि तोंडाने मोजायच्या. पहिल्या दिवशी तीन झाले. तिसरा उडून दूधवाल्याच्या कानाला लागला. आठवड्याने अकरा. महिन्याने चाळीस, पण तेवढ्यात सकाळ संपायची. पायाचं मात्र जमेना. काठी घेऊन चार पावलं गेले की उजवा पाय जमिनीला चिकटायचा आणि आबा स्वतःच्याच पायाला शिव्या घालत उभे राहायचे.

आणि इकडे बाजाराचे दिवस निघून गेले होते. एका रविवारी हे कुदळ घेऊन मागे गेले. मी भांडी घासत होते आणि कुदळीचा आवाज ऐकत होते. शेडच्या मधल्या खांबांसाठी पट्टीच्या बरोबर मधून त्यांनी पाच खड्डे खणले, दर दहा-बारा पावलांवर एक, हातभर खोल. मातीचे ढीग शेजारीच. आबा मागच्या ओट्यावर खुर्चीत बसून सगळं बघत होते. पाचवा खड्डा झाला तेव्हा त्यांनी मला हाक मारली.

"सूनबाई, खुर्ची फिरव."

"कुठे फिरवू आबा?"

"भिंतीकडे."

मी फिरवली. आबा संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसले. मला त्या दिवशी नवऱ्याचा इतका राग आला की मी त्यांना वाढलं, पण मीठ वाढलं नाही. त्यांनीही मागितलं नाही, तसंच जेवले. त्यांनाही ते गिळवत नव्हतं.

त्या मंगळवारी बाई आली तर आबा चिमट्यांना हात लावीनात. "बस झालं," ते म्हणाले. "चिमटे लावून मी काय धोबी होणार आहे?"

"नाही," बाई म्हणाली. "मग काय व्हायचंय?"

आबांनी मागच्या दाराकडे पाहिलं. मीच बोलले. अकरा वर्षांत सासऱ्यांच्या वतीने मी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "दोर," मी म्हणाले. "त्यांना दोर वळायचा आहे. तुम्ही विचारलंत तेव्हा सदरा म्हणाले, कारण दोर म्हणायची लाज वाटली."

बाईने माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे. आबांनी नाही म्हटलं नाही.

"दोर कसा करतात ते मला माहीत नाही," बाई म्हणाली. "मला शिकवाल?"

आम्ही आबांना धरून चाकापर्यंत नेलं. वीस पावलं, त्यात चारदा थांबलो, एकदा पाय अडकून माझ्या अंगावर आले. खुर्ची चाकाजवळ ठेवली. बाईने कमरेला वाख गुंडाळला, तोही उलटा. टोक आकड्याला लावलं. मी चाक फिरवू लागले. आणि त्या बाईच्या हातून जे निघालं त्याला दोर म्हणायचं तर कोबीला गुलाब म्हणावं लागेल. कुठे बोटाएवढं जाड, कुठे केसाएवढं बारीक, मध्ये गाठी.

"हळू सोड," आबा खुर्चीतून म्हणाले.

बाईने हळू सोडलं. ते तुटलं.

"हळू म्हणजे एवढं हळू नाही!"

तिने पुन्हा लावलं. या वेळी वाखाचा आख्खा पुंजका आकड्याला गोळा झाला.

"अगं बाई, तो दोर आहे की म्हशीचं शेपूट!" आबा ओरडले. जीभ कुठेही अडखळली नाही. "सोड. सोड म्हणतो ना! आण तो वाख इकडे!"

आणि आबा उठले. कुणी धरलं नाही. बाईने पिशवीतून चामड्याचा एक पट्टा काढला; तो तिने आधीच शिवून आणला होता, म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं, चोरटी कुठली. पट्ट्याने तिने ओलं फडकं आबांच्या उजव्या तळव्याला बांधलं. "हा हात फक्त धरेल. काम डाव्याने करायचं. मी कमरेला धरून बरोबर येते. दहा पावलं. दहा झाली की थांबायचं."

"अहो, मागे जातील तर पडतील!" सासूबाई म्हणाल्या आणि बसायला काही नव्हतं म्हणून हात पदरात गुंडाळून उभ्या राहिल्या.

मी चाक फिरवलं. आबांनी एक पाऊल मागे टाकलं. मग दुसरं. मी डोळे फाडून त्यांच्या पायांकडे बघत होते. पुढे जाताना जो पाय ओढला जात होता, तो मागे जाताना आपला आपण उचलला जात होता. जरा थरथरत होता, पण उचलला जात होता. पन्नास वर्षं हा माणूस पुढे चालला असेल त्याहून जास्त मागे चालला होता. झटक्याने पुढची वाट विसरायला लावली, पण पाय मागची कशी विसरतील? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"दहा झाली आबा," बाई म्हणाली. "थांबा."

"दोर मध्येच थांबवत नाहीत," आबा म्हणाले. "गाठ पडते."

"आबा, मागे खड्डा आहे!"

"चाक फिरव सूनबाई."

आता मी काय करायचं? चाक थांबवलं तर पीळ उसवणार. नाही थांबवलं तर सासरे खड्ड्यात. अकरा वर्षांत आबांनी चाक फिरव म्हटल्यावर मी थांबवलेलं नाही. मी फिरवत राहिले आणि ओरडले, "अहो! अहो, कुठे आहात!"

हे गोठ्यापाशी उभे होते. तिथे ते केव्हापासून उभे होते कोण जाणे. हातात खोरं होतं. ते पळत आले. वाटलं, आता आबांना धरणार, बसवणार, झालं एवढं पुरे म्हणणार, आणि पट्टी कोंबड्यांची होणार.

ते आबांच्या पाठीमागे गेले आणि पहिल्या खड्ड्यात माती लोटू लागले.

असं काम मी त्यांना उभ्या जन्मात करताना पाहिलं नव्हतं. पहिला खड्डा भरला, त्यावर दोन उड्या मारल्या, आणि पाय काढेपर्यंत आबांची टाच तिथे आली. हे पळाले दुसऱ्याकडे. आबा आपल्या चालीने, एक पाऊल, दम, एक पाऊल. मागे वळून बघायचा प्रश्नच नव्हता; दोर वळणारा नजर दोरावर ठेवतो. बाई कमरेला धरून आडवी आडवी चालत होती आणि तोंडाने "हळू आबा, हळू" म्हणत होती, पण डोळे खोऱ्याकडे. सासूबाई या बाजूने ओरडत होत्या, "लवकर रे! आला तुझा बाप! आला!" तिसरा भरला. चौथ्याशी खोऱ्याचा दांडा निखळला, तर ह्यांनी हातांनी माती लोटली, गुडघ्यांवर बसून, स्वतः खणलेल्या खड्ड्यात. फाटकात दूधवाला किटली घेऊन उभा होता. ओरडायची एवढी सोय असून त्याच्या तोंडातून शब्द फुटेना.

पाचव्याला माती अर्धी गेली, उरलेली ह्यांनी पायाने ढकलली आणि बाजूला अंग टाकलं. आबा त्याच्यावरून गेले. जरासे कलले. बाईने कंबर घट्ट धरली. मग दहा पावलं, मग टोकाचा खुंटा. आबांनी पेड खुंट्याला बांधला, डाव्या हाताने आणि दातांनी, आणि उभे राहिले. मी चाक सोडलं.

पेड काही फार चांगला नव्हता. मध्ये दोन ठिकाणी जाड झाला होता. आबांनी तो बोटांतून सरकवत पाहिला आणि त्या जाड जागांशी तोंड वाकडं केलं. बाई मटकन खाली बसली आणि वहीत काहीतरी लिहू लागली. सासूबाईंनी तेवढ्यात धावत जाऊन आबांचं नाक पुसलं.

आमचे हे जमिनीवर पडले होते, मातीने भरलेले, छाती वर-खाली होत होती. बापाकडे बघायची त्यांची हिंमत होत नव्हती. आबांनीच तोंड उघडलं.

"पाचवा नीट बुजवला नाहीस," ते म्हणाले. "टाच बुडाली."

हे उठून बसले. "पण... तुम्ही तर मागे बघितलंच नाही."

"मागे कशाला बघायचं? मोजून पाचच होते. भिंतीकडे बसून मी तेच मोजत होतो." आबांनी बाईकडे डावा हात केला, खुर्ची आणा म्हणून. मग पुन्हा मुलाकडे वळले. "एका पेडाने दोर होत नाही. अजून दोन जायचेत. बघ."

हे उठले, पाचव्या खड्ड्यावर जाऊन उभे राहिले, आणि दोन्ही पायांनी माती दाबू लागले.